जनुक ही नवी सटवाई नव्हे

मूल जन्मले की पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर आयुष्याचा लेख लिहून जाते, अशी समजूत महाराष्ट्रात गावोगावी होती. पाटा-वरवंट्याच्या पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवणारी घरे आजही आहेत. शिकलेल्या माणसांनी तो कागद ठेवणे सोडले, पण लेखावरचा विश्वास काही सोडला नाही. त्यांनी फक्त लेखनिक बदलला. ‘गाणे तिच्या रक्तातच आहे’, ‘व्यापार त्यांच्या डीएनएतच आहे’, ‘आमच्याकडे गणित जनुकातच नाही’ ही वाक्ये लग्नाच्या बैठकीपासून कंपन्यांच्या जाहिरातींपर्यंत सर्रास ऐकू येतात, आणि बोलणाऱ्याला आपण विज्ञानाची भाषा बोलत आहोत असे वाटत असते.

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातले आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखले जाते. तिथल्या विणकरांबद्दल बाहेरचा माणूस हेच म्हणतो, की कोष्ट्याच्या रक्तातच माग असतो. वाक्य कौतुकाचे आहे, पण त्यात बोलणाऱ्याची मोठी सोय आहे. जे रक्तातून आपोआप आले त्याची मजुरी वाढवायची कशाला? त्यासाठी नवे शिक्षण द्यायचे कशाला? आणि त्या घरातल्या मुलीला मागाऐवजी प्रयोगशाळेत जायचे असेल, तर तिच्या रक्तात नसलेल्या गोष्टीसाठी सरकारने खर्च तरी का करायचा?

जनुकांचा हा भाग्यलेख खुद्द विज्ञानालाच मान्य नाही, असे मला म्हणायचे आहे. तसे सांगणाऱ्या अनेक शाखा आहेत, पण सर्वांत स्पष्ट पुरावा एका दुर्लक्षित शाखेत सापडतो. पेशीच्या पटलात असणारे मेदरेणू आणि त्यांच्यामार्फत पेशींमध्ये चालणारी निरोपांची देवाणघेवाण हा तिचा विषय. पुण्याच्या आयसर या संस्थेतील सिद्धेश कामत यांना २०२४ सालचा जीवविज्ञानाचा इन्फोसिस पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. पुरस्काराची बातमी आपण वाचली आणि विसरलो. त्या कामामागचा विचार मात्र विसरण्यासारखा नाही.

सुरुवात आंधळगावच्या धाग्यापासूनच करता येते. कोशाचा धागा हे प्रथिन आहे. फायब्रॉइन आणि त्यावरचे डिंकासारखे सेरिसिन अशी दोन मुख्य प्रथिने त्यात असतात. प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम जनुकात लिहिलेला असतो, हे आपण शाळेत शिकतो आणि ते खरे आहे. ऐनाच्या झाडावर वाढणाऱ्या टसरच्या, म्हणजेच कोशाच्या, अळीचा धागा तुतीवरच्या अळीहून वेगळा का, याचे उत्तर देताना जनुकाकडे बोट दाखवावेच लागते.

पण त्याच अळीच्या पेशींभोवतीचे पटल मेदाचे असते, आणि मेदासाठी असा क्रम कुठेच लिहिलेला नाही. डीएनएचा अख्खा पोथा चाळला तरी एकाही मेदरेणूचे वर्णन त्यात सापडणार नाही. जनुक मेद बनवणारी आणि मोडणारी विकरे लिहून देते. त्या विकरांना कोणता कच्चा माल मिळतो, किती मिळतो, शेजारचे दुसरे विकर काय करते आहे, यावर शेवटी कोणता मेद तयार होईल ते ठरते.

अळीच्या कात टाकण्याचे उदाहरण घ्या. त्यासाठी लागणारे एक्डायसोन हे संप्रेरक १९५४ साली जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी वेगळे केले. रेशीमकिड्यांच्या ५०० किलो कोशितांमधून त्यांच्या हाती २५ मिलिग्रॅम पदार्थ लागला. एक्डायसोन हे स्टेरॉइड, म्हणजे मेदांच्याच गोतावळ्यातले. ते बनवायला स्टेरॉल लागते, आणि कीटकांना स्टेरॉल स्वतःचे स्वतः तयार करता येत नाही. ते पानातून यावे लागते. अळीने मोठे कधी व्हायचे हे सांगणारा निरोप ती खात असलेल्या झाडाच्या मालातून घडतो. तो घडवणारी विकरे अळीच्या जनुकांत आहेत, पण पाला नसेल तर त्या जनुकांना काही करता येत नाही.

याच बुटेनांटनी १९५९ मध्ये तुतीच्या रेशीमकिड्याच्या मादीचा गंध शोधला. त्यासाठी दोन दशकांहून अधिक काळ आणि सुमारे पाच लाख पतंग लागले. बॉम्बिकॉल नावाचा हा रेणू मेदाम्लापासून बनतो. मादी तो सोडते आणि नर दुरून वळतो. मेद म्हणजे चरबी, साठा, दिव्याचे तेल अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात मेद हा निरोपसुद्धा असतो, हे कीटकांनी आपल्याला फार लवकर सांगितले होते.

पेशीशास्त्राला मात्र ते पटायला वेळ लागला. १९२५ साली हॉलंडमध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींमधला मेद काढून पाण्यावर पसरवला. पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट जागा त्याने व्यापली. त्यावरून पटल दुहेरी थराचे आहे हे कळले. पण पुढची कित्येक वर्षे या थराकडे आत-बाहेर वेगळे ठेवणारी भिंत म्हणूनच पाहिले गेले. आपल्या पाठ्यपुस्तकांत तर पेशीपटल म्हणजे अजूनही आकृतीची बाहेरची रेघ असते, नाव लिहायला बाण ओढण्यापुरती.

१९५३ मध्ये मेबल आणि लोवेल होकिन या दांपत्याला कबुतराच्या स्वादुपिंडात एक विचित्र गोष्ट दिसली. पेशींना बाहेरून ॲसिटिलकोलीनने चेतवले की पटलातील फॉस्फरसयुक्त मेदांची उलाढाल एकदम वाढत होती. भिंतीला बाहेरून हाक मारली आणि विटाच हलू लागल्या. याचा अर्थ काय, हे उलगडायला बरोबर तीस वर्षे गेली. १९८३ मध्ये मायकेल बेरिज आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की पटलात अगदी थोड्या प्रमाणात असलेला एक मेद बाहेरच्या हाकेसरशी तुटतो. त्याचा पाण्यात विरघळणारा तुकडा पेशीच्या आत जाऊन कॅल्शियमचे साठे उघडतो. उरलेला तुकडा पटलातच राहून आणखी एका विकराला कामाला लावतो, हे जपानच्या यासुतोमी निशिझुका यांनी त्याच सुमारास स्पष्ट केले होते. मेद तुटणे हीच निरोपाची भाषा होती.

हा तीस वर्षांचा उशीर फक्त तंत्राच्या अडचणीमुळे झाला असे मला वाटत नाही. १९५३ हेच डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचेही साल. त्यानंतर जीवशास्त्राचे सगळे लक्ष लिखिताकडे गेले. ज्याची लिपी आहे ते महत्त्वाचे, आणि ज्याला लिपी नाही ते चिकट, गुळगुळीत, दुय्यम. २००१ साली मानवी जनुकसंचाचा पहिला आराखडा आला तेव्हा ‘जीवनाचे पुस्तक’ उघडले अशी भाषा जगभर झाली. पुस्तक उघडले खरे. पण ज्या रेणूंचे नावही त्यात नाही ते काय करतात, हे पुस्तकावरून कळणार कसे?

कामत यांच्या कामातली एक गोष्ट याच ठिकाणी नेमकी लागू पडते. २०१० मध्ये नॉर्वे आणि इतर काही देशांतील कुटुंबांचा अभ्यास करून संशोधकांनी एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराचे जनुक शोधले. आजाराचे नाव ‘फार्क’. लहानपणी किंवा तारुण्यात सुरू होऊन हळूहळू वाढणाऱ्या या आजारात हातापायांच्या नसा दुबळ्या होतात, ऐकू येणे कमी होते, तोल जातो, डोळ्याचा पडदा झिजतो आणि कमी वयातच मोतीबिंदू होतो. दोषी जनुकाचे नाव एबीएचडी-१२. सटवाईचा लेख सापडला, अगदी अक्षर न् अक्षर. पण त्या लेखाचा अर्थ काय होता?

अर्थ कोणालाच माहीत नव्हता. या विकराची तोवरची ओळख वेगळीच होती. मेंदूत गांजासारख्या रेणूंचे काम करणारा जो नैसर्गिक मेद असतो, तो थोड्याफार प्रमाणात मोडणारे विकर म्हणून ते नोंदले गेले होते. त्या ओळखीवरून आजाराची लक्षणे काही समजत नव्हती. अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेत बेंजामिन क्रॅव्हॅट यांच्या गटाने हे जनुक काढून टाकलेले उंदीर तपासले, तेव्हा २०१३ मध्ये दिसले की त्यांच्या मेंदूत लायसो-फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा मेद साचत जातो. मेंदूतील रोगप्रतिकारक पेशी भडकतात, आणि वय वाढेल तसे उंदरांचे ऐकणे व हालचाल बिघडते. हा साचणारा मेद रोगप्रतिकारक पेशींसाठी निरोपाचे काम करतो. निरोप दिला गेला, पण तो पुसणारे कोणी उरले नाही.

कामत याच प्रयोगशाळेत होते. पुसणारा कोण हे कळल्यावर लिहिणारा कोण, हा पुढचा प्रश्न होता. २०१५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की एबीएचडी-१६ए हे विकर फॉस्फॅटिडिलसेरीन या मोठ्या मेदाचे एक शेपूट कापून हा निरोप तयार करते, आणि एबीएचडी-१२ तो मोडून टाकते. रोगप्रतिकारक पेशी किती भडकतील हे या दोघांच्या तोलावर ठरते. पुढे पुण्यात आयसरमध्ये त्यांच्या गटाने हेच सूत्र धरून ठेवले. २०१९ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की पेशीवर ऑक्सिडीकरणाचा ताण आला की खराब होणारे फॉस्फॅटिडिलसेरीनही हेच एबीएचडी-१२ निपटते. म्हणजे एकाच विकराकडे निरोप पुसण्याचे काम आहे आणि बिघडलेला माल उचलण्याचेही.

कामत यांची कारकीर्द या विषयापासून सुरू झाली नव्हती. टेक्सासमध्ये फ्रँक राउशेल यांच्याकडे पीएचडी करताना ते जिवाणूंमधला एक हट्टी रासायनिक बंध तपासत होते. फॉस्फरसची टंचाई आली की काही जिवाणू कार्बन आणि फॉस्फरस यांच्यातला अतिशय पक्का बंध तोडून फॉस्फेट मिळवतात. ते कसे, याचा मार्ग त्यांच्या २०११ मधील ‘नेचर’च्या लेखात उलगडला. २०१३ च्या दुसऱ्या लेखात याच क्रियेतून मिथेन वायू कसा निघतो ते दाखवले गेले. जिवाणूपासून माणसाच्या मेंदूपर्यंत विषय पार बदलला, पण प्रश्नाचा साचा तोच राहिला. हा बंध कोण तोडते, कसा तोडते, आणि तोडले नाही तर काय साचते? जनुकाचा शोध जिथे थांबतो तिथे हे तीन प्रश्न सुरू होतात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. मेद बनवतात ती विकरे आणि विकरे जनुकात लिहिलेली असतात, म्हणजे फिरून सगळे जनुकातच आले की. फार्क तर एकाच जनुकाच्या बिघाडाचा आजार आहे, मग जनुकाला कमी का लेखायचे?

कमी लेखायचे कारणच नाही. बिघडलेले जनुक माणसाला आंधळे आणि बहिरे करू शकते, हे फार्कने दाखवलेच आहे. मात्र विकर मिळणे म्हणजे क्षमता मिळणे. ती क्षमता कशी वापरली जाईल हे परिस्थिती ठरवते. तोच जिवाणू थंडीत आणि उष्णतेत आपल्या पटलातल्या मेदांचे प्रमाण बदलतो, जेणेकरून पटलाची प्रवाहिता टिकावी. जनुके तीच, पटल वेगळे. माणसाच्या शरीराला दोन मेदाम्ले मुळीच बनवता येत नाहीत. ती अन्नातूनच घ्यावी लागतात. बर या संशोधक दांपत्याने १९२९ मध्ये उंदरांवर हे दाखवायला सुरुवात केली. भंडाऱ्याचा शेतकरी उभ्या धानात उतेरा म्हणून लाखोळीबरोबर जवस टाकतो. त्या जवसाच्या तेलात यांपैकी एक मेदाम्ल निम्म्याच्या आसपास असते. आपल्या प्रत्येक पेशीच्या पटलात आपल्या शेतीचा आणि ताटाचा हिस्सा असतो, आणि तो जनुकात कोणी लिहून ठेवलेला नसतो.

मला सर्वांत पटणारा पुरावा तांबड्या रक्तपेशीचा वाटतो, आणि विदर्भाला तो जवळचा आहे. ‘रक्तातच आहे’ असे आपण म्हणतो, पण प्रौढ तांबड्या पेशीत केंद्रक नसतो. तिच्यात जनुकेच नसतात. तरी ती जवळपास १२० दिवस नीट चालते. या काळात तिला एक काम सतत करावे लागते. फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद पटलाच्या आतल्या थरात राहायला हवा. तो बाहेर झिरपला की तिथली यंत्रणा ऊर्जा खर्च करून त्याला पुन्हा आत ओढते. आत असेपर्यंत हा रेणू निमूट असतो. बाहेर दिसला की त्याचा अर्थ होतो, ही पेशी आता संपली, हिला गिळा. तोच रेणू रक्त गोठवण्याच्या क्रियेलाही चालना देतो. रेणूत काही बदलत नाही, त्याची जागा बदलते आणि निरोप बदलतो. ती जागा राखणे हे रोजचे, श्रमाचे काम आहे, आणि ही पेशी ते एकही जनुक जवळ नसताना करते.

आता सिकलसेल घ्या. पूर्व विदर्भातल्या किती तरी घरांना हा आजार माहीत आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलते आणि प्रथिनात एका अमिनो आम्लाच्या जागी दुसरे येते. प्रथिनातला हा बदल इन्ग्राम या शास्त्रज्ञाने १९५६-५७ मध्ये दाखवला. जनुकाने ठरवलेल्या आजाराचे याहून शुद्ध उदाहरण नाही. तरीही एकाच उत्परिवर्तनाचे दोन रुग्ण सारखे नसतात. एकाला वारंवार जीवघेण्या कळा येतात, दुसरा बराच काळ बऱ्यापैकी जगतो. जन्मापूर्वीचे हिमोग्लोबिन मोठेपणी किती टिकले, संसर्ग किती झाले, शरीरात पाणी किती राहिले, उपचार वेळेवर मिळाले का, अशा अनेक गोष्टी त्यात येतात. विळ्याच्या आकाराच्या या पेशींचे पटलही बिघडते. फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेरच्या थरावर येते, पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, गाठी होण्याकडे कल वाढतो, आणि १२० दिवसांचे आयुष्य दहा-वीस दिवसांवर येते. एका अक्षराची चूक आणि माणसाची वेदना यांच्यामध्ये रसायनाचा केवढा मोठा प्रदेश आहे, तो इथे दिसतो. औषधाला शिरायला जागा याच प्रदेशात मिळते. हायड्रॉक्सियुरियाने हे अक्षर बदलत नाही, तरी रुग्णाच्या कळा कमी होऊ शकतात.

१ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आणि तपासण्या वाढल्या. तपासणी हवीच. पण तपासणीचा कागद घरात आला की तो लगेच कुंडलीसारखा वाचला जातो, हा धोकाही ओळखला पाहिजे. केवळ वाहक असलेल्या, स्वतः निरोगी असलेल्या मुलीचे लग्न त्या कागदावर मोडते, आणि खुद्द रुग्णाच्या बाबतीत ‘लिहिलेलेच आहे’ म्हणून औषधाची टाळाटाळ होते. दोन्हीकडे चूक एकच आहे. माहितीला प्राक्तन समजण्याची.

उलट टोकालाही एक सटवाई बसलेली आहे, तिच्यापासूनही सावध राहायला हवे. जनुक सर्वस्व नाही म्हटले की लगेच बाजार पुढे येतो आणि सांगतो, की सगळे तुमच्या ताटात आहे. आमचे तेल घ्या, आमच्या गोळ्या घ्या, मेंदू तल्लख होईल. मेदांच्या संशोधनातून असा अर्थ निघत नाही. जवसाच्या चटणीने फार्क बरा होत नाही, आणि त्याच्या मूळ कारणावर चालणारे औषध आजही नाही. आजारपण हा रुग्णाच्या खाण्यापिण्याचा दोष मानणे हे त्याला प्राक्तनाचा दोष मानण्याइतकेच क्रूर आहे. मेदांचा अभ्यास सांगतो तो तोल मोजता येतो आणि तो मोजावा लागतो. अंदाजाने तो कळत नाही, आणि पाकिटावरच्या दाव्याने तर नाहीच.

मोजण्यासाठी काय लागते हे पाहिले की विज्ञानाच्या धोरणाचा प्रश्न येतो. हजारो मेदरेणू एकमेकांपासून ओळखायला कोटींच्या घरातली वस्तुमान-वर्णपटमापके लागतात. एकाच विकराला गाठून थांबवणारा रेणू प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञाने हाताने घडवावा लागतो. उंदरांवरचे प्रयोग वर्षानुवर्षे चालतात. कोणतीही खासगी कंपनी एका दुर्मीळ आजाराच्या विकरासाठी हे सोसणार नाही. आयसर पुणे २००६ मध्ये सार्वजनिक पैशातून उभी राहिली, म्हणून पुण्यात हा प्रश्न विचारता आला. होकिन दांपत्याचे निरीक्षण आणि बेरिज यांचे उत्तर यांत तीस वर्षे गेली. तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या शेवटी ‘उपयोग काय झाला’ असा रकाना भरायला लावणारी व्यवस्था त्या दांपत्याचे काम पहिल्याच फेरीत बंद करून टाकेल.

प्रयोगशाळेला वेळ द्यायचा, तसा माणसालाही द्यावा लागतो. कोशाचा माग हाताखाली येतो तो वर्षानुवर्षे शेजारी बसून पाहिल्यावर आणि चुका दुरुस्त करून घेतल्यावर. वंश या गोष्टीत शिकण्याची संधी देतो, कारण माग घरात असतो. विज्ञानाचेही तसेच आहे. ज्याच्या घरात किंवा शाळेत प्रयोगाचे टेबल आहे त्याला ते ‘जन्मजात’ येते असे वाटते. भंडारा-गोंदियाच्या कनिष्ठ महाविद्यालयांतली रसायनाची प्रात्यक्षिके जर वहीत उतरवून पूर्ण होत असतील, तर तिथल्या मुलांमधून जीवरसायनतज्ज्ञ का निघत नाहीत याचे कारण त्यांच्या जनुकांत शोधणे हा निव्वळ ढोंगीपणा आहे.

म्हणून आपल्याकडच्या चर्चेत एक साधी शिस्त यावी असे मला वाटते. कोणी ‘हे जनुकात आहे’ म्हटले की मेदांवर काम करणाऱ्या संशोधकाचे प्रश्न विचारावेत: कोणते विकर, कोणत्या पदार्थाचे काय करते, ते थांबले तर काय साचते, आणि तो तोल सावरता येतो का? या प्रश्नांना उत्तर असेल तर ते विज्ञान आहे आणि त्याचा रुग्णाला उपयोग होईल. उत्तर नसेल तर ते सटवाईचेच बोलणे आहे, मग ते पांढऱ्या कोटातून आलेले का असेना. सिकलसेलचा अहवाल हाती आलेल्या घराने तो कपाटात लपवू नये आणि कपाळावरही लावू नये. तो घेऊन दवाखान्यात जावे, उपचार मागावेत आणि ते मिळेपर्यंत मागत राहावेत.